शुभेच्छांचा प्रवास

मकरसंक्रांतीचा दिवस उजाडला की वारज्यातील घराघरांतून स्मार्टफोन वाजू लागतात. मुठा नदीच्या काठी वसलेले हे एके काळचे खेडे आज पुणे महानगराचा भाग झाले आहे. येथून कामानिमित्त परगावी गेलेली मुले, परदेशी राहणाऱ्या मावश्या आणि जुने शेजारी तिळगुळाच्या वाटीची व पतंगांची चित्रे एकमेकांना धाडत असतात.

शुभेच्छा धाडण्याची ही चाल मात्र नवी नव्हे. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल या गृहस्थांनी नाताळासाठी शुभेच्छापत्रे छापवून घेतली. आपल्या देशात १ जुलै १८७९ पासून पाव आण्याचे पोस्टकार्ड मिळू लागले आणि गरिबालाही दूरच्या आप्तांची खुशाली विचारता येऊ लागली. संक्रांतीच्या पत्राबरोबर पाकिटातून चिमूटभर तिळगूळही प्रवास करी. घाई असली म्हणजे लोक तार करीत. शुभेच्छांच्या ठरावीक वाक्यांना क्रमांक दिलेले असत. तेवढा क्रमांकच तारेने जाई आणि पलीकडचा कर्मचारी त्या क्रमांकाचे वाक्य कागदावर उतरवून देई. ही तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

तत्पूर्वीच नवे युग सुरू झाले होते. ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने संगणकावरून एका मोबाईल फोनवर नाताळच्या शुभेच्छा पाठविल्या. जगातील पहिला लघुसंदेश तो हाच!

आज ॲपमधून चित्र निवडावे, त्यावर नाव घालावे आणि बोट टेकवावे; काम झाले. फोनमध्ये ते चित्र ० आणि १ या दोनच अंकांच्या लांबलचक मालिकेच्या रूपाने असते. ही मालिका रेडिओलहरींवरून जवळच्या मनोऱ्याकडे, तेथून काचतंतूंच्या तारांतून दूरच्या एका संगणकाकडे आणि शेवटी इच्छित फोनकडे जाते. तो फोन बंद असेल, तर निरोप त्या संगणकात वाट पाहत थांबतो.

या सोयीने अंतर मिटले. परंतु एक गोष्ट हरवण्याचा धोकाही निर्माण झाला. पूर्वीही शुभेच्छांची वाक्ये आयतीच असत. पण पाकिटावर पत्ता हातानेच लिहावा लागे. पत्ता लिहिताना त्या माणसाची मूर्ती डोळ्यांपुढे उभी राही. ज्या घरी त्या वर्षी कोणी निवर्तले असेल, तेथे सण करीत नाहीत. त्या नावापाशी लिहिणारा हात आपोआप थांबे आणि शुभेच्छापत्राऐवजी सांत्वनाचे पत्र जाई. आता एकच चित्र एका क्षणात अनेकांना जाते. दुःखात असलेल्या घरीही तेच रंगीत पतंग जाऊन पोहोचतात! दोष यंत्राचा नव्हे. यंत्राला कोणाचे दुःख ठाऊक नसते. ते माणसानेच आठवावयाचे असते.

म्हणून आयते चित्र धाडतानाही त्याखाली स्वतःची एक ओळ लिहावी. आजीला तिच्या गुडघेदुखीबद्दल विचारावे. गाव सोडून गेलेल्या मित्राला जुन्या खेळाची आठवण द्यावी. तसेच, अनोळखी माणसाने शुभेच्छा किंवा लग्नपत्रिका म्हणून धाडलेली फाईल उघडू नये. अशा फाईलींतून फसवणूक होते. ती वडीलधाऱ्यांना दाखवावी.

पाव आण्याचे कार्ड असो वा फोनवरचे चित्र असो, ते केवळ वाहन होय. त्यातून आपली आठवण गेली, तरच शुभेच्छा पोहोचली असे म्हणावे.

स्वाध्याय

१. शुभेच्छांची तार कशी पाठवीत असत?
२. पत्ता लिहिणारा हात कोठे व का थांबत असे?
३. परगावी राहणाऱ्या एका आप्ताला त्याच्यासाठीच लिहिलेल्या दोन ओळींचा शुभसंदेश तयार करा.