वेल्डिंगचा धूर, सनस्क्रीन आणि डोळे

'डॉक्टर, या क्रीममध्ये नॅनो का काय ते असते, त्याने डोळे जातात म्हणे!' उन्हाळा आला की वर्तकनगरच्या माझ्या दवाखान्यात सनस्क्रीनची ट्यूब पुढे करून हा प्रश्न विचारणाऱ्या भगिनी येतात. त्याच बाकावर वागळे इस्टेटमधला एखादा वेल्डर लाल डोळे चोळत बसलेला असतो. तो काहीच विचारत नाही. 'ड्रॉप लिहून द्या, उद्या कामावर जायचंय,' एवढेच म्हणतो. खरे तर त्या प्रश्नाचे उत्तर त्याने अधिक लक्ष देऊन ऐकायला हवे.

धातूचा प्राणवायूशी संयोग झाला की धातूचे ऑक्साईड तयार होते. गंज म्हणजे लोखंडाचे ऑक्साईड. कॅलामाईन लोशनमध्ये असते ते जस्ताचे. त्याचा गुलाबी रंग मात्र लोखंडाच्या ऑक्साईडमुळे येतो. अशा पदार्थाचे १०० नॅनोमीटरपेक्षा लहान कण म्हणजे नॅनोकण. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपला केस साधारण ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो, यावरून कल्पना यावी.

कण लहान झाला की त्याच वजनात पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो आणि पदार्थ अधिक क्रियाशील बनतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या डोळ्याच्या पेशींवर जस्ताच्या ऑक्साईडचे नॅनोकण टाकले असता पेशींवर ताण येऊन त्या मरतात, असे दिसले आहे. प्राण्यांच्या डोळ्यांत टायटॅनियम डायऑक्साईडचे कण वारंवार घातल्यावर डोळ्याच्या पृष्ठभागाला इजा झालेली आढळली. पण काचेच्या बशीतल्या पेशी म्हणजे माणसाचा डोळा नव्हे. आपल्याला पापणी आहे, अश्रू आहेत. आत आलेला बराचसा कचरा डोळा स्वतःच धुऊन नाकावाटे घशात पाठवतो. म्हणून सनस्क्रीनने डोळे जातात हे म्हणणे मला पटत नाही. ते पापण्यांच्या कडांपर्यंत चोपडू नये, फवारा असल्यास आधी हातावर घेऊन मग चेहऱ्यास लावावा, घामाबरोबर डोळ्यात उतरून चुरचुरले तर स्वच्छ पाण्याने धुवावे. डोळ्यांना टोपी आणि गॉगल पुरे.

आता त्या वेल्डरकडे वळू. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची सुरुवात १ ऑगस्ट १९६२ रोजी याच वागळे इस्टेटमध्ये झाली. तिथल्या कित्येक कारखान्यांच्या जागी आता कचेऱ्या आल्या असल्या तरी ग्रिल, शटर, फॅब्रिकेशनची लहान वर्कशॉप्स आहेतच. वेल्डिंगचा धूर म्हणजे दुसरे काही नसून वितळलेल्या धातूच्या वाफा हवेत थंड होऊन बनलेली ऑक्साईडे, आणि त्यातले बहुतेक मूळ कण नॅनो आकाराचेच असतात. साध्या लोखंडावर लोखंड आणि मँगनीज, स्टेनलेस स्टीलवर क्रोमियम आणि निकेल, गॅल्व्हनाईज्ड पत्र्यावर जस्त. या जस्ताच्या धुराने संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो आणि तो मलेरिया समजून कामगार माझ्याकडे येतो. ग्राइंडिंगचा मोठा कण डोळ्यात टोचतो, म्हणून माणूस धावत येतो. धुरातला कण टोचत नाही. डोळे फक्त लाल राहतात, कोरडे पडतात, पाणी येते, आणि त्याला 'धंद्याचा भाग' म्हणून सोडून दिले जाते.

धुराबरोबर प्रकाशही असतो. ठिणगीतल्या अतिनील किरणांनी बुबुळ भाजते. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यात वाळू ओतल्यासारखे वाटते. एक-दोन दिवसांत ते बरे होते, म्हणून कोणी मनावर घेत नाही. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर आणि त्यातली अतिनील किरणे, दोन्हींना कर्करोगकारक ठरवले. धुराचा संबंध फुफ्फुसाच्या कर्करोगाशी आहे, तर किरणांचा डोळ्यातल्या मेलानोमा या कर्करोगाशी.

हेल्मेटची काळी काच प्रकाश अडवते, धूर नव्हे. तो खालून आत शिरतो. तेव्हा मान थेट धुराच्या वर आणू नये, बाजूने पंखा किंवा वारा येईल असे उभे राहावे, शटर अर्धे ओढून आत वेल्डिंग करू नये. ग्राइंडिंग करताना बाजूंनीही बंद असलेला चष्मा हवा; रस्त्यावर मिळणारा काळा गॉगल दोन्ही कामांना निरुपयोगी. काम संपल्यावर आधी हात-तोंड धुवावे, मग डोळ्यांना हात लावावा. वेल्डरने कॉन्टॅक्ट लेन्स वापरण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञांना विचारावे.

कण रुतला असेल तर काडीला कापूस गुंडाळून तो काढणारे 'जाणकार' प्रत्येक वर्कशॉपमध्ये असतात. त्यांच्या हाती डोळा देऊ नये. लोखंडाचा कण काही तासांतच बुबुळावर गंजाचे कडे सोडू लागतो आणि ते नेत्रतज्ज्ञांनाच खरवडून काढावे लागते. गेल्या वेळची उरलेली बाटली किंवा केमिस्टने सुचवलेला ड्रॉपही घालू नये. त्यात स्टेरॉईड असले तर लाली झटकन जाते, आतली जखम मात्र चिघळू शकते.