ड्रोन गल्लीपर्यंत येईल, दारापर्यंत नाही

येत्या काही वर्षांत शहरांत घरपोच माल ड्रोनने येऊ लागेल, मग छोट्या दुकानदाराचे आणि मोटारसायकलवरून पार्सले पोहोचविणाऱ्या आपल्या मुलांचे काय होणार, अशी काळजी बाजारात ऐकू येते. या काळजीत कितपत तथ्य आहे, हे आम्ही येथे पाहणार आहोत.

इतर देशांचा अनुभव

डिसेंबर २०१३ मध्ये ॲमेझॉनचे जेफ बेझोस यांनी चार-पाच वर्षांत ड्रोनने घरपोच माल देता येईल, असे सांगितले होते. अमेरिकेत ही सेवा सुरू व्हायला २०२२ चे अखेर उजाडले. तीही कॅलिफोर्नियातील लॉकफोर्ड आणि टेक्सासमधील कॉलेज स्टेशन अशा लहान ठिकाणी. कॉलेज स्टेशनच्या रहिवाशांनी आवाजाच्या तक्रारी केल्या, तर लॉकफोर्डची सेवा २०२४ मध्ये बंद झाली. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनजवळ २०२२ मध्ये दुसऱ्या एका कंपनीचा ड्रोन विजेच्या तारांवर उतरला व सुमारे दोन हजार ग्राहकांची वीज गेली.

याउलट आफ्रिकेतील रवांडात झिपलाइन कंपनीने २०१६ पासून रुग्णालयांना ड्रोनने रक्त पोहोचविले आणि ते काम टिकले. कारण उघड आहे. माल हलका व तातडीचा, रस्ता डोंगराळ, आणि माल टाकण्याची जागा ठरलेली.

दाट वस्तीचे उदाहरण चीनमधील शेन्झेनचे. तेथे मेइतुआन कंपनीचे ड्रोन ग्राहकाच्या खिडकीशी जात नाहीत. ते ठरलेल्या ठाण्यावर उतरतात आणि ग्राहक तेथे येऊन आपले पार्सल घेतो.

आपल्याकडील स्थिती

आपल्या राज्यात डिसेंबर २०२१ मध्ये जव्हारहून झाप गावाला ड्रोनने लसी गेल्या. २०२५ मध्ये टपाल खात्याने कर्जतहून माथेरानला ड्रोनने टपाल पाठविण्याची चाचणी घेतली. दोन्ही ठिकाणी अडचण घाटवाटेची होती, शहराची नव्हे.

२०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उड्डाणास पूर्वपरवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे. त्याहून जवळ परवानगी घ्यावीच लागते. कुर्ला, वांद्रे, अंधेरी तर विमानतळाला लागूनच आहेत. शिवाय आपल्या मोहल्ल्यांत वरून तारा, गच्चीवर टाक्या आणि संक्रांतीला पतंगांचा मांजा. एक ड्रोन एका फेरीत दोन-अडीच किलोंचे एखादे पार्सल नेतो. मोटारसायकलवरचा मुलगा पिशवी भरून पार्सले नेतो आणि जिना चढून हातात देतो. हा शेवटचा जिना ड्रोनला चढता येत नाही. म्हणून पोहोचविण्याचे काम संपणार नाही, त्याचा काही भाग बदलेल.

आपण काय करावे

पहिली गोष्ट, माल ओळखावा. औषधे, चष्मे, घड्याळ-मोबाइलचे सुटे भाग, एखादी साडी हे ड्रोनचे सामान आहे. कापडाचे तागे, फर्निचर, भांडी नव्हेत. ज्वलनशील व धोकादायक मालाला तर वेगळे कडक नियम आहेत.

दुसरी, कारागिरांनी आतापासून वजन आणि बांधणीकडे लक्ष द्यावे. हलकी, पाणी न शिरणारी, धक्का सोसणारी बांधणी पार्सल कोणीही नेले तरी उपयोगीच पडते.

तिसरी, जोखीम लिहून ठरवावी. हनफी फिकहमध्ये माल ग्राहकाच्या कब्जात जाण्यापूर्वी नष्ट झाला तर नुकसान विक्रेत्याचे मानले जाते. १९३० च्या माल विक्री कायद्यात जोखीम सामान्यतः मालकीबरोबर जाते, मात्र दोघांना वेगळे ठरविता येते. ठाण्यावर ठेवलेले पार्सल कब्जात आले की नाही, यावर उद्या तंटे होतील. सबब ग्राहकाशी आणि वाहतूक कंपनीशी हे आधीच स्पष्ट करावे. व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण आपल्याला आहेच.

चौथी, मुलांना नवे काम शिकवावे. दहावी उत्तीर्ण, १८ ते ६५ वयाच्या कोणालाही मान्यताप्राप्त संस्थेत ड्रोनचालकाचे प्रशिक्षण घेता येते. मोटार, बॅटरी, पंख यांची दुरुस्ती हे तर आपल्या कारागिरांच्या हाताला साजेसे काम आहे.

यंत्राला घाबरून दुकान चालत नाही आणि त्याच्या मोहाने कर्ज काढूनही चालत नाही. आज ड्रोन विकत घेण्याची घाई नको, पण वजन, बांधणी आणि लेखी व्यवहार यांची सवय आजपासूनच लावावी. अल्लाह सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो.