आउटलाइन, ड्राफ्ट, फेअर कॉपी : संविधानाच्या मसुद्यातून एक भाषाधडा

लेखनाच्या तयारीसंबंधीचे काही इंग्रजी शब्द अर्थाने इतके जवळचे आहेत की आपले विद्यार्थी ते एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात. त्यांतील भेद शब्दकोशावरून पाठ करता येतो. परंतु तो नीट समजून घ्यावयाचा तर भारतीय संविधानाच्या निर्मितीइतके स्पष्ट उदाहरण आम्हांस दुसरे दिसत नाही.

‘प्लॅन’ म्हणजे योजना. काय साधावयाचे, कोणी व कोणत्या मार्गाने, हे ती सांगते. तीत मजकूर नसतो. संविधान सभेने २२ जानेवारी १९४७ रोजी उद्दिष्टांचा ठराव संमत केला व कामासाठी समित्या नेमल्या. ही योजना होय.

‘आउटलाइन’ म्हणजे रूपरेषा, अर्थात मुद्दे व त्यांचा क्रम. समित्यांच्या अहवालांवरून सभेने मूलभूत हक्क, केंद्र व प्रांत यांविषयीची तत्त्वे ठरविली, ही रूपरेषा. ‘समरी’शी तिची गल्लत करू नये. रूपरेषा लेखनापूर्वी आखतात, सारांश लेखनानंतर काढतात.

‘ड्राफ्ट’ म्हणजे मसुदा : पूर्ण वाक्यांत लिहिलेला, तरीही बदलास खुला असलेला मजकूर. घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांनी २४३ कलमांचा पहिला मसुदा केला. २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमलेल्या सात सदस्यांच्या मसुदा समितीने बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली त्याची छाननी करून ३१५ कलमांचा मसुदा २१ फेब्रुवारी १९४८ रोजी सादर केला. त्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या. त्यांपैकी २,४७३ सभेत मांडल्या गेल्या. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेल्या संविधानात ३९५ कलमे होती.

येथेच ‘करेक्ट’ आणि ‘रिव्हाइज’ यांतील अंतर कळते. करेक्ट करणे म्हणजे चूक दुरुस्त करणे. रिव्हाइज करणे म्हणजे आशय व रचना पुन्हा तपासून मजकूर बदलणे. २४३ कलमांची ३९५ कलमे केवळ शुद्धलेखन तपासून झाली नाहीत.

शेवटी ‘फेअर कॉपी’, म्हणजे पक्की प्रत. इंग्रजी संविधानाची सुलेखित प्रत प्रेम बिहारी नारायण रायजादा यांनी हाताने लिहिली. सुलेखनकाराचे काम ठरलेला मजकूर सुंदर लिहिणे, तो ठरविणे नव्हे.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. ज्यांच्या पूर्वजांच्या हाती लेखणी येऊ दिली गेली नाही, त्या घरांतील मुले आज इंग्रजीत लिहीत आहेत. त्यांतील अनेकांना पहिल्याच बैठकीत पक्की प्रत साधावी असे वाटते. खाडाखोड झाली की ती वही लपवितात. बाबासाहेबांसारख्या विद्वानाच्या समितीचा मसुदाही हजारो सूचनांना सामोरा गेला, हे त्यांना सांगितले पाहिजे.

पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी घरी एक प्रयोग करून पाहावा. ‘उरवड्यातील शेती’ असा विषय द्यावा. कोणाकडून माहिती घ्यावयाची, हा प्लॅन. चार मुद्दे, ही आउटलाइन. सलग लिखाण, हा ड्राफ्ट. दुसऱ्या दिवशी ते रिव्हाइज करावे, मगच फेअर कॉपी. आणि मुलाची वही पाहताना पक्क्या प्रतीआधी कच्चा खर्डा मागावा. विचार कसा घडला, हे त्यातच दिसते.