रविवारची सायकल : घरातल्या कोणी कोणत्या रस्त्याने जावे?

आपल्या घरांत सायकल पिढ्यान्‌पिढ्या आहे. पण नुसते फिरायला सायकल काढावी, ही गोष्ट नवीन. आजोबांनी ती एम्प्रेस मिलची पाळी गाठायला चालवली, वडिलांनी ठिय्यावर जायला, आणि आजही कितीतरी जण हँडलला डबा अडकवून रोज कामावर जातात. म्हणून ‘सायकलने प्रकृती सुधारते’ असे आम्ही या पानावर लिहिले की काही वाचक हसतात. एका मावशींनी तर आम्हाला सरळ विचारले, “आमच्या ह्यांनी तीस वर्षे सायकलवरून गवंडीकाम केलं, मग त्यांचे टोंगळे कसे गेले?”

आम्ही काकांची सायकल पाहिली. सीट इतकी खाली होती की पायडल मारताना गुडघा जवळजवळ छातीला लागत होता. मागे कॅरियरवर घमेले, फावडे. चाकात हवा कमी. अशी सायकल गुडघे खाणारच. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली की पाय सरळ झाला पाहिजे, म्हणजे पंजाने पायडल मारताना गुडघा किंचितच वाकेल. सीट वर केली की थांबताना दोन्ही पाय जमिनीवर पूर्ण टेकत नाहीत, म्हणून बहुतेक जण ती खाली करतात. नवशिक्याने सुरुवातीला खाली ठेवली तर चालेल, पण तोल जमला की वर घ्यावी. पाना घेतला की पाच मिनिटांचे काम आहे.

आता रस्त्यांचे. नागपुरात सायकलने फिरायला सुंदर जागा पुष्कळ आहेत, पण त्या बहुतेक पश्चिमेला आहेत आणि आपल्या वस्त्या बऱ्याचशा उत्तरेला व पूर्वेला. शहर पश्चिमेकडे उंच होत जाते. नाग नदी अंबाझरीकडून पूर्वेला वाहते, पिवळी नदी गोरेवाड्याकडून उत्तर नागपुरात येते. पाणी ज्या दिशेने वाहते त्या दिशेने उतार, हे लक्षात ठेवले की नकाशा लागत नाही. इंदोरा, पाचपावली, जरीपटक्याकडून तलावांकडे निघालात तर जाताना हळूहळू चढ आणि परतताना उतार. हे आपल्या फायद्याचेच आहे. थकवा परतीला येतो आणि तेव्हाच रस्ता मदत करतो. मात्र जातानाच दम लागला, तर ‘थोडेच राहिले आहे’ म्हणून पुढे जाऊ नका. तिथूनच सायकल वळवा.

ज्यांना आताच तोल सापडला आहे, त्यांनी आधी शाळेच्या मैदानात आठवडाभर चालवावी आणि मग रविवारी सकाळी सिव्हिल लाइन्सला यावे. संविधान चौकातून निघून विधान भवन, अजब बंगला, उच्च न्यायालयाचा परिसर असा फेरा घ्यावा. जुनी मोठी झाडे आहेत, रस्ते रुंद आहेत, आणि कचेऱ्या बंद असल्याने त्या दिवशी गाड्या कमी असतात. हवे तितके फेरे घ्या, कंटाळा आला की संविधान चौकात या. बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ थांबून पाणी प्यायचे, हा आमच्या गटाचा नेम झाला आहे. चाळिशीनंतर सायकल शिकणाऱ्या बायांसाठी आम्ही हाच रस्ता सांगतो. इथे ओळखीचे कोणी हसायला नसते, आणि खरे सांगायचे तर पडण्यापेक्षा त्याचीच भीती जास्त असते. साडी नेसून चालवायची असेल तर पदर खोचा आणि साखळीवर झाकण असलेली लेडीज सायकल घ्या. हाताने चालवायच्या तीनचाकीवर येणाऱ्या आपल्या दिव्यांग बांधवांनाही हाच परिसर सोयीचा, कारण चढ फार नाही. फक्त गतिरोधकावर मागून आधार द्यायला एक जण सोबत असावा.

त्यापुढची पायरी दीक्षाभूमी ते अंबाझरी. बजाजनगरकडून दक्षिण अंबाझरी मार्गाला लागायचे, व्हीएनआयटीसमोरून तलावाकडे. अंतर चार किलोमीटरच्या आसपास, चढ इतका सौम्य की बोलत बोलत जाता येते. ‘बोलत’ हा शब्द आम्ही मुद्दाम लिहिला आहे. सायकल चालवताना पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग ठीक आहे, दोन शब्दांवर श्वास तुटत असेल तर जास्त होतो आहे. रक्तदाब असलेल्यांनी आणि साठीच्या पुढच्यांनी हीच मोजणी पाळावी. इंदोऱ्याकडच्यांना दीक्षाभूमीपर्यंतची गर्दी नको असेल तर मेट्रोत सायकल नेता येते. इंदोरा चौकात बसा, रहाटे कॉलनीला उतरा. स्थानकावर लिफ्ट आहे, सायकल जिन्यावरून खांद्यावर नेऊ नका. डब्यात गर्दी असेल तर पुढच्या गाडीची वाट पाहा.

फुटाळा आणि तेलंगखेडी पाहायचे असेल तर सकाळीच. संध्याकाळी फुटाळ्याच्या काठावर गाड्या आणि ठेले इतके असतात की सायकल हातात धरूनच चालावे लागते. तिथून वर सेमिनरी हिलचा चढ आहे. तो लहान आहे, पण गिअर नसलेल्या चोवीस इंची सायकलवर तो दुखऱ्या टोंगळ्यांनी चढू नये. उतरून ढकलत न्यावी, त्यात काही कमीपणा नाही. उतरताना दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबा. पावसात रबर भिजले की ब्रेक लवकर लागत नाहीत, तेव्हा हा उतार टाळलेला बरा.

लांबचे दोन रस्ते आहेत आणि दोन्हींची आपल्या लोकांना ओढ आहे. एक कामठीचे ड्रॅगन पॅलेस. या रस्त्यावर ट्रक आणि बस सतत असतात. मुलांना घेऊन सायकलने जाण्यासारखा तो नाही, बसने किंवा ऑटोने जा. दुसरा काटोल रोडने गोरेवाड्यावरून, फेटरीच्या पुढे, चिचोलीच्या शांतिवनापर्यंत. वामनराव गोडबोले यांनी जपलेल्या बाबासाहेबांच्या वस्तू तिथे आहेत. जाऊन-येऊन तीस किलोमीटरच्या वर होते. गोरेवाड्यानंतर गाड्यांचा वेग वाढतो आणि सावली कमी होते. ज्यांनी वीस किलोमीटर दोन-तीनदा विनात्रास चालवले आहे, त्यांनीच तो धरावा, तोही हिवाळ्यात, पहाटे निघून.

हे आम्ही चुकून शिकलो. मागच्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी विहारातून अकरा सायकली चिचोलीला निघाल्या. निघायला उशीर झाला, आठ वाजले. त्यात पंधरा वर्षांचा एक मुलगा होता, सिकलसेलचा रुग्ण. त्याच्या आईने आम्हाला तसे सांगितले होते. आम्ही म्हणालो, हळू जाऊ. पण पुढची पोरे शर्यत लावू लागली, हाही त्यांच्या मागे लागला, आणि लघवीला थांबावे लागेल म्हणून त्याने पाणीच प्यायले नाही. परतताना दुपार झाली. संध्याकाळी त्याचे हात, पाय, कंबर इतकी दुखू लागली की त्याला दवाखान्यात भरती करावे लागले. चार दिवस सलाइन. त्याची आई आम्हाला काही बोलली नाही, तेच जास्त लागले.

विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल पुष्कळ घरांत आहे, म्हणून हे नीट समजून घ्या. या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. शरीरातले पाणी कमी झाले, दम लागेपर्यंत श्रम झाले, ऊन किंवा कडक थंडी लागली की हे वाढते आणि वेदना सुरू होतात. म्हणून एसएस रुग्णाने डॉक्टरांना विचारूनच सायकल चालवावी, सपाट आणि छोटी फेरी घ्यावी, तहान लागण्याची वाट न पाहता दर दहा-पंधरा मिनिटांनी पाणी प्यावे आणि कोणाशी शर्यत लावू नये. फेरी घराकडे लवकर वळवता येईल अशी असावी, लांब सरळ रस्ता नको. ताप असेल त्या दिवशी सायकल नाही. एएस म्हणजे वाहक असलेल्यांना रोजच्या चालवण्याने सहसा त्रास होत नाही, पण उन्हात, पाण्याविना, जोर लावून चालवणे त्यांनाही धोक्याचे ठरू शकते. आपण यांपैकी कोण, हे ज्या घरात माहीत नाही, त्यांनी सरकारी दवाखान्यात रक्ताची तपासणी करून घ्यावी. ती मोफत होते.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी निघू नये. खिशात साखर किंवा गूळ ठेवावा. घाम सुटून हात थरथरले की लगेच थांबून खावा. आणि मार्चपासून जूनच्या पावसापर्यंत आपल्या नागपुरात सायकल सात वाजण्याच्या आत घरी परतलेली असावी, मग माणूस कितीही तगडा असो.

गटाने जाताना आता आम्ही सर्वांत हळू चालवणाऱ्याला पुढे ठेवतो. बाकीच्यांना ते जड जाते, तरुण पोरे कुरकुरतात. ज्यांना पळवायची आहे त्यांनी वेगळ्या रविवारी सेमिनरी हिल चढावी. तो मुलगा डॉक्टरांना विचारून पुन्हा येऊ लागला आहे. सिव्हिल लाइन्सचे दोन फेरे, मध्ये पाणी. त्याची आई संविधान चौकात बाटली घेऊन थांबते, आणि दुसरा फेरा झाला की हाक मारते.