होडी दुरुस्त करायची की भंगारात घालायची?

मित्रांनो, मथळा वाचून तुम्ही म्हणाल, "धाराशिव जिल्ह्यात होडीचं काय काम?" प्रश्न बरोबर आहे. आपल्याकडे पाण्याचा विषय निघाला की डोळ्यांसमोर टँकर येतो. पण सप्टेंबर २०२५ आठवा. सीनेला पूर आला, परंडा-भूम भागातली गावं पाण्यानं वेढली, एनडीआरएफच्या बोटींनी आणि हेलिकॉप्टरनं माणसं बाहेर काढावी लागली. तेव्हा कळलं, की दुष्काळी जिल्ह्यालासुद्धा होडी लागते, आणि लागते तेव्हा ती धडकीच लागते.

त्याच पावसात आमच्या एका मित्राच्या गावातल्या तलावावरची होडी वाहून गेली आणि बाभळीच्या झाडांत अडकलेली सापडली. अ‍ॅल्युमिनियमची, १२ फुटी, रिव्हेट मारलेली, दोन वल्ह्यांची. मासे धरणारे काका म्हणाले, "तुम्ही इंजिनिअर होणार ना? मग बघा काय होतंय का." झालं! रविवारी आम्ही चौघं आणि वर्कशॉपचे सर तिथं हजर.

होडी बघताच एकजण म्हणाला, "सर, एपॉक्सीची लांबी भरू, वरून रंग मारू, काम फत्ते." सर हसले. "रंग मारला की जॉबला मार्क मिळतात, होडीला नाही. आधी तपासा." मग त्यांनी जो क्रम सांगितला, तोच इथं देतो.

१) वजन करा. मूळ वजन साधारण ६० किलो, काट्यावर भरलं ८४! बाकांखालच्या फोमनं पाणी धरलं होतं. हा फोम होडी उलटली तरी तिला तरंगत ठेवतो. ओला फोम हे काम नीट करत नाही. मात्र तो बदलता येतो, तेवढ्यासाठी होडी टाकायची गरज नाही.

२) पोचा आणि भेग यांत फरक करा. ताटाएवढा पोचा दिसायला वाईट, पण पत्रा फाटला नसेल तर तो तसाच चालतो. ठोकून सरळ करायला गेलात तर पत्रा कडक होऊन तडकू शकतो. भेग मात्र केसाएवढी असली तरी गंभीर. ती शोधायला डाय पेनिट्रंट टेस्ट करा: पत्रा साफ करून लाल द्रव लावा, थोडं थांबून पुसा, पांढरा डेव्हलपर फवारा. भेग असेल तर लाल रेघ उमटते. छोट्या भेगेच्या दोन्ही टोकांना भोक पाडून ती थांबवायची आणि वर त्याच जातीच्या मिश्रधातूचं ठिगळ सीलंट लावून रिव्हेटनं बसवायचं.

३) पाणी आतून भरा. होडी लाकडी ठोकळ्यांवर पूर्ण लांबीभर टेकवा, आत थोडं पाणी ओता आणि बाहेरून कुठं पाझरतं ते खडूनं खुणा करत जा. आम्हाला ११ रिव्हेट ढिले सापडले. जास्त पाणी भरू नका. १० सेंटिमीटर पाणीसुद्धा तीनेकशे किलो भरतं!

४) गंज बघा. अ‍ॅल्युमिनियमला गंज लागत नाही हा गैरसमज आहे. मागच्या उभ्या पाटीला कुणीतरी लोखंडी बोल्ट मारले होते. दोन वेगळे धातू आणि मध्ये पाणी, म्हणजे बॅटरीच झाली. बोल्टभोवती पांढरी भुकटी, आणि २ मिलिमीटरचा पत्रा १ मिलिमीटरच्याही खाली आलेला.

५) शेवटी कणा. पुढच्या टोकापासून मागपर्यंत दोरी ताणा. आमच्या होडीचा कणा दीड सेंटिमीटर वाकलेला होता आणि दोन बरगड्या मोडल्या होत्या.

"मग वेल्डिंग करू ना सर!" आमचा शेवटचा प्रयत्न. सरांनी तिथंच व्हायवा घेतला. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण वितळण्याआधी लोखंडासारखं लाल होत नाही, त्यामुळे नवशिक्याच्या हातून भोकच पडतं. त्यावरचा ऑक्साइडचा थर वितळायला २००० अंशांच्या वर जातो. टिग वेल्डिंग करणारा चांगला कारागीर मिळाला, तरी सांध्याशेजारच्या पत्र्याची ताकद उष्णतेनं कमी होते. शिवाय पोलादाला असते तशी थकव्याची ठाम मर्यादा अ‍ॅल्युमिनियमला नसते. म्हणजे प्रत्येक हेलकावा हिशेबात धरला जातो.

थोडक्यात, कातडी फाटली तर शिवता येते, हाडं मोडली की विचार करावा. फोम, रिव्हेट, एखादी भेग एवढंच असतं, तर आम्ही नक्की दुरुस्त केली असती. पण इथं कणा, बरगड्या आणि मागची पाटी तिन्ही गेली होती. दुरुस्तीचा खर्च नव्या होडीच्या जवळ जात होता, आणि खर्च करूनही भरवसा मिळणार नव्हता.

आमचे चेहरे पडले. काकांना कसं सांगायचं? त्यांनीच सोपं केलं. "बाळांनो, हिच्यावर जीव टाकायचा असतो. शंका असंल तर नगं." १५ वर्षं पोट भरलेल्या होडीबद्दल एवढं बोलून ते गप्प झाले.

वल्ही आणि वल्ह्यांच्या कड्या काढून ठेवल्या. मग सरांनी सांगितलं, "भंगारात द्यायच्या आधी मधोमध कापा." का? तर उद्या कुणीतरी लांबी भरून, रंग मारून तीच होडी विकेल आणि पुढच्या पुरात तिच्यात लेकरं बसतील. कापायला करवत आमच्याच हातात दिली.

भंगार म्हणजे काही शेवट नव्हे. जुनं अ‍ॅल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरायला, खनिजापासून नवं करण्याच्या तुलनेत फक्त ५ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा लागते. ती होडी उद्या कुठल्यातरी खिडकीची चौकट होईल.

मित्रांनो, दुरुस्ती शिकायला आपण वर्कशॉपमध्ये जातोच. "हे आता दुरुस्त होणार नाही" असं तपासून, पुराव्यानं आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघून सांगणं, हेही इंजिनिअरचंच काम आहे. त्याचं जर्नल मात्र कुठं मिळत नाही.