देगलूरच्या वाटांसाठी गाडी इंचभर उंच करताना

अकोल्याहून नांदेड, देगलूर करत तेलंगणात संगारेड्डीला जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग १६१ वर गाडीच्या उंचीचा विचार कुणी करत नाही. तो सुरू होतो डांबर सुटल्यावर. लेंडी आणि मांजरेच्या काठच्या काळ्या रानात पावसाळाभर ट्रॅक्टर फिरतात, पाणंदीत चाकोऱ्या खोल जातात, आणि दसऱ्याच्या सुमारास ऊन तापले की मधला वरंबा दगडासारखा वाळतो. सोयाबीन काढायच्या दिवसांत शेतावर लहान एसयूव्ही नेणाऱ्याला चेंबर घासल्याचा आवाज चांगला ओळखीचा असतो. मग लिफ्ट किटची चौकशी सुरू होते.

या कामाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. आपल्या भागातल्या पाच-सात वर्षे वापरलेल्या बहुतेक गाड्यांना नवी उंची नको असते, गेलेली उंची परत हवी असते. ती परत आणूनही भागले नाही तर स्पेसर घालावा, आणि तोही २५ ते ३० मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये.

म्हणून पहिले काम मोजण्याचे. सपाट फरशीवर किंवा काँक्रीटवर गाडी उभी करा, चारही टायरांत ठरलेली हवा भरा, गाडी हाताने थोडी पुढे-मागे ढकला म्हणजे स्प्रिंगा आपल्या जागी बसतील. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप धरून चारही बाजूंचे आकडे वहीत लिहा. जमिनीपासून मोजले तर टायरची झीज आणि हवा हिशेबात शिरते, चाकाच्या मध्यापासून मोजले तर फक्त स्प्रिंग बोलते. मग पाच माणसे बसवा, डिकीत युरियाची दोन पोती ठेवा. युरियाचे पोते ४५ किलोचे असते, म्हणजे ९० किलो झाले, आणि एवढ्यात लहान एसयूव्हीची भारक्षमता संपत येते. आता पुन्हा मोजा. माहितीपत्रकात छापलेला ग्राउंड क्लिअरन्स बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. ब्रेझा २०० मिलिमीटरच्या आसपास, नेक्सॉन त्याहून थोडी जास्त, बोलेरो १८०. आपण घासतो ते भरलेल्या गाडीने.

शेवटी त्याच मॉडेलची नवी गाडी शोरूममध्ये किंवा ओळखीच्यांकडे मोजून या. तुमचे आकडे दहा-पंधरा मिलिमीटरने कमी भरले, किंवा डावी-उजवी बाजू सारखी नसली, तर स्प्रिंगा बसल्या आहेत. आणखी एक खूण गतिरोधकाची. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे बांधलेला गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. अशा गतिरोधकावर हळू जाऊनही गाडी घासत असेल तर दोष उंचीच्या आकड्यात नाही, थकलेल्या स्प्रिंगांत किंवा जादा ओझ्यात आहे. गावच्या वेशीत हाताने घातलेल्या उभ्या गतिरोधकावरून मात्र काही ठरवू नका.

स्प्रिंगा बसल्या असतील तर कंपनीच्या नव्या स्प्रिंगा घाला, तेल गळणारे शॉकअप जोडीने बदला, वरचे रबरी माउंट आणि बुश नवे टाका. बोलेरोसारख्या गाडीत मागचे कमानपाटे उतरून त्यांना पुन्हा कमान देता येते. अनेक जण सरळ एक जादा पाटा चढवतात. त्याने उंची येते, पण रिकामी गाडी मागून उड्या मारते आणि ओल्या रस्त्यावर मागची चाके पकड सोडतात. रोज माल वाहणाऱ्यानेच तो मार्ग धरावा.

एवढे करूनही कमी पडत असेल तरच किट घ्या. त्याआधी किटने काय होत नाही तेही नीट कळले पाहिजे. बोलेरोला मागे सलग एक्सल असतो आणि त्याच्या मधोमध डिफरन्शियल. गाडीचा सांगाडा कितीही उचला, डिफरन्शियल जमिनीपासून तेवढाच राहतो, कारण तो चाकांच्या आधाराने उभा आहे. तो वर न्यायचा तर टायरच मोठा हवा. २१५/६० आर १६ च्या जागी २१५/६५ आर १६ घातला तर व्यास साधारण २१ मिलिमीटर वाढतो, उंची त्याच्या निम्मीच मिळते, आणि स्पीडोमीटर १०० दाखवत असताना गाडी १०३ च्या पुढे असते. चिखलाचेही तसेच. काळी माती टायरच्या खाचांत भरली की चाक गुळगुळीत होऊन जागेवर फिरते, तिथे सस्पेन्शनची उंची उपयोगी पडत नाही. किट कामाला येते ते वरंबा, दगड आणि ओढ्याची तिरकी उतरण यांसाठी.

कायद्याचा भाग टाळून पुढे जाऊ नका. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हे कलम काटेकोरपणे वाचले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये नियमाबाहेरच्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. नोंदणी प्रमाणपत्रात ग्राउंड क्लिअरन्सचा रकाना नसतो, म्हणून काहीही चालते असा अर्थ काढू नका. देगलूरची गाडी एमएच-२६ ची, तेव्हा नांदेडच्या परिवहन कार्यालयात लेखी विचारा. विमा कंपनीलाही लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा, कारण अपघातानंतर न कळवलेला बदल निघाला तर दावा अडतो. वॉरंटीत असलेल्या गाडीला मी तरी हात लावू देणार नाही.

किट निवडताना ते तुमच्याच मॉडेलचे आणि त्याच वर्षाचे हवे. पुढच्या स्ट्रटवर बसणारा स्पेसर अॅल्युमिनियमचा किंवा कडक पॉलियुरेथेनचा, एकसंध. स्प्रिंगच्या दोन वेढ्यांत दाबून बसवायचे रबरी बफर स्वस्त मिळतात. ते घेऊ नका. ज्या वेढ्यात बफर बसतो तिथे स्प्रिंगची हालचाल थांबते आणि सगळा ताण बाकीच्या वेढ्यांवर पडतो. वॉशरची चळत किंवा वेल्डिंग केलेले तुकडे हा तर सरळ जिवाशी खेळ आहे.

आता बसवणे. जागा काँक्रीटची हवी. काळ्या मातीवर जॅक लावू नका, खाली फळी घातली तरी नाही, तो एका बाजूला खचतो. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग पुढची दोन्ही चाके एकदम उचलून गाडी घोड्यांवर टेकवा. एकच बाजू उचलली तर अँटी-रोल बारला पीळ बसतो आणि लिंक रॉड निघता निघत नाही. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली माणसाने जायचे नाही.

चाक काढल्यावर आधी एबीएसची तार आणि ब्रेकचा होज स्ट्रटवरून मोकळा करा, नंतर लिंक रॉड. स्ट्रट जिथे हबला दोन बोल्टांनी जोडलेला असतो तिथे रंगाची रेघ मारून ठेवा, परत बसवताना कॅम्बर जवळपास मूळ जागी येतो. गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रीच तेल मारलेले असावे. बोल्ट काढताना हबखाली दुसरा जॅक टेकवा. हब मोकळा बाहेर झुकला तर ड्राइव्ह शाफ्ट आतल्या जॉइंटमधून ओढला जातो, आणि मग कामच वाढते. वरचे तीन नट सर्वांत शेवटी, आणि त्या वेळी सोबत्याने खालून स्ट्रट धरलेला असावा.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बाजूचे तीन नट उघडायचे असतात. मधला मोठा नट उघडायचा नाही. त्याच्या खाली दाबलेल्या स्प्रिंगचा पूर्ण जोर असतो, आणि तो एकदम सुटला तर हात-तोंड वाचत नाही. काही गाड्यांत वर तीन नट नसतात, मध्ये एकच असतो. अशा गाडीचे काम घरी करू नका, स्प्रिंग दाबण्याचे योग्य अवजार असलेल्या गॅरेजमध्येच द्या.

स्ट्रटचे डोके आणि बॉडीची बैठक कापडाने पुसून स्पेसर ठेवा, तो कुठेही तिरका नको. नट घट्ट झाल्यावर बोल्टाचे दोन-तीन आटे बाहेर दिसले पाहिजेत. खालची बाजू जोडताना आर्म पहारीने थोडा खाली दाबावा लागतो, हातोडा मारू नका. प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्याने, सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यावर. सेल्फ-लॉकिंग नट जुने वापरू नका.

चाक अजून हवेत आहे तोवर एक तपासणी करा, जी घाईत हमखास राहते. वरचा स्पेसर पूर्ण स्ट्रटला खाली ढकलतो, त्यामुळे चाक लोंबते तेव्हा ते आधीपेक्षा खाली जाते. अशा स्थितीत स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. ब्रेकचा होज ताणला जातो का, एबीएसची तार ओढते का, ड्राइव्ह शाफ्टचा रबरी बूट घड्यांत घासतो का, चाक हाताने फिरवताना कट-कट येते का, हे पाहा. यातले एकही आढळले तर कमी जाडीचा स्पेसर घ्या. ३० मिलिमीटरची मर्यादा मी यासाठीच सांगतो.

मागचे काम सोपे आहे. लहान एसयूव्हीत बहुधा टॉर्शन बीम असते आणि स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी. बीमखाली जॅक धरा, दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढा, होज आणि हँडब्रेकच्या केबलवर नजर ठेवून बीम सावकाश उतरवा. स्प्रिंग हाताने निघते. स्पेसर घाला, रबरी बैठक जागेवर ठेवा, स्प्रिंगचे टोक तिच्या खाचेत बसले की बीम वर घ्या. स्प्रिंग चाकाच्या मध्याच्या पुढे बसलेली असेल तर २० मिलिमीटरचा स्पेसर गाडी २० पेक्षा जास्त उचलतो, म्हणून मागचा आणि पुढचा स्पेसर सारख्या जाडीचा असतोच असे नाही. शॉकअप मूळ लांबीचाच ठेवला तर चाकाची खाली जाण्याची मुभा कमी होते, तेव्हा लांब शॉकअप किंवा किटसोबतचा ब्रॅकेट लावा. काही जुन्या गाड्यांत मागच्या एक्सलला दांडीने जोडलेला ब्रेकचा एक व्हॉल्व्ह असतो. गाडी उंच झाली की तो तिला रिकामी समजतो आणि मागचा ब्रेक कमी करतो. त्या दांडीचा ब्रॅकेट तेवढाच सरकवावा लागतो.

लोअर आर्मच्या आणि बीमच्या बुशांचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे कसू नका. आधी सैल ठेवा, गाडी चाकांवर उतरवा, थोडी पुढे-मागे ढकला, मग कसा. बुशचे रबर आतल्या नळीला चिकटलेले असते. लोंबत्या स्थितीत कसले तर गाडी खाली येताच ते कायमचे पिळले जाते आणि काही महिन्यांत फाटते.

त्याच दिवशी व्हील अलाइनमेंट करा. उंची बदलली की टो हमखास बदलतो, कॅम्बरही थोडा सरकतो, आणि तसेच नांदेडपर्यंत पळवले तरी टायरची एक कड खाल्ली जाते. स्थिरता-नियंत्रण असलेल्या गाडीत स्टीअरिंगचा सेन्सर स्कॅनरने शून्यावर आणून घ्या. हेडलाइटकडेही पाहा. २५०० मिलिमीटर व्हीलबेसच्या गाडीची पुढची बाजू मागच्यापेक्षा १० मिलिमीटर जास्त उचलली गेली, तर ५० मीटरवर उजेड २० सेंटिमीटर वर जातो. उदगीरच्या रस्त्याने रात्री समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांसाठी एवढे पुरे होते.

पहिले काही दिवस वळणावर वेग कमी ठेवा. गुरुत्वमध्य वर गेल्याने गाडी अधिक झुकते, आणि टपावर सामान बांधायची सवय असेल तर ती सोडा. ५०० किलोमीटर झाले की सगळे नट-बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा, उंची मोजून वहीतल्या आकड्यांशेजारी लिहा. चिखलातून आल्यावर ड्राइव्ह शाफ्टचे बूट पाण्याने धुऊन घड्या उघडून पाहायची सवय लावा. बूट फाटलेला दिसला तर तो लगेच बदला, काळी माती ग्रीसमध्ये शिरली की पाठोपाठ पूर्ण जॉइंटच बदलावा लागतो.