पीसी विकत घ्यायचा की जोडायचा? अमेरिकेत नव्याने आलेल्या घरांसाठी

शाळा, गाडी आणि डॉक्टर यांच्याबद्दल विचारून झालं की मंडळात भेटलेलं नवं कुटुंब हळूच पुढचा प्रश्न काढतं: मुलाला गेमिंग पीसी हवाय, तयार घ्यावा की सुटे भाग आणून जोडावा? न्यू जर्सी, डॅलस, अटलांटा आणि बे एरियात मुरलेल्या मराठी घरांकडून आम्ही याची उत्तरं गोळा केली. ती एकमेकांशी जुळत नाहीत. डॅलसचे एक काका स्वतः न जोडलेलं यंत्र घरात आणायलाच तयार नाहीत. एडिसनच्या एक वहिनी म्हणतात, पहिल्या वर्षी स्क्रू-ड्रायव्हरला हात लावू नका, तेवढ्या वेळात ड्रायव्हिंग टेस्ट द्या. आम्ही वहिनींच्या बाजूचे, पण एका अटीवर. ती पुढे येईलच.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून 'असेंबल्ड' घेतलेल्यांनी एक फरक आधी लक्षात घ्यावा. तिथे आपण बजेट सांगायचं, दुकानदार कोटेशन लिहून देणार, त्याचा माणूस सगळं जोडून ठेवणार आणि काही बिघडलं तर डबा उचलून त्याच्याच काउंटरवर नेऊन ठेवायचा. इथे जोडायचं म्हणजे स्वतः जोडायचं. काही दुकानं पैसे घेऊन जोडून देतात, पण सहा वेगवेगळ्या कंपन्यांच्या सहा भागांपैकी कुठला रुसला आहे हे शोधणं, त्या त्या कंपनीला मेल लिहिणं, भाग पार्सल करून बदली येईपर्यंत थांबणं हे सगळं घरच्या कोणाला तरी करावं लागतं. तयार पीसीच्या किमतीत यासाठीचा एकच फोन नंबर असतो, आणि नव्या देशात त्याची किंमत कमी समजू नये.

आधी मुक्काम किती, ते बघा

वर्ष-दीड वर्षात प्रोजेक्ट बदलून दुसऱ्या राज्यात जायची शक्यता दिसत असेल, किंवा व्हिसाचं पक्कं नसेल, तर डेस्कटॉपचा विचारच पुढे ढकला आणि गेमिंग लॅपटॉप घ्या. त्याच पैशात वेग कमी मिळतो, पंखा जास्त ओरडतो, तरी तो उचलून निघता येतं. फक्त नावाला फसू नका. लॅपटॉपमधलं आरटीएक्स ५०७० आणि डेस्कटॉपमधलं आरटीएक्स ५०७० ही वेगळी ग्राफिक्स कार्डं आहेत: पहिल्यात ८ जीबी मेमरी, दुसऱ्यात १२, शिवाय लॅपटॉपमधल्या कार्डाला वीजही बरीच कमी मिळते. भारतात परत जायची वेळ आली तर अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप सीमाशुल्काशिवाय नेता येतो. डेस्कटॉपला ही सवलत नाही. वॉरंटीही बहुतेक वेळा ज्या देशात खरेदी झाली तिथेच चालते. विजेची काळजी मात्र नको. आजकालचे बहुतेक पॉवर सप्लाय १०० ते २४० व्होल्टवर चालतात. लेबल वाचून खात्री करा, मग वायर बदलली की पुण्यातही तेच यंत्र सुरू होतं.

ऑफिसच्या लॅपटॉपवर 'स्टीम' हे खेळांचं ॲप टाकून काम भागवायचा विचार मनात आला असेल तर तो काढून टाका. आयटी विभागाला सगळं दिसतं.

मुलाला नेमकं काय खेळायचं आहे?

हे त्यालाच कागदावर लिहायला लावा. यादीत माइनक्राफ्ट, रोब्लॉक्स, फोर्टनाइट आणि व्हॅलोरंट एवढंच असेल तर महागड्या कार्डाची गरज नाही, २०२५ मध्ये २९९ डॉलर मूळ किमतीला बाजारात आलेलं आरटीएक्स ५०६० या यादीला पुरून उरतं. सायबरपंक २०७७ सारखे खेळ दिसले तर हिशोब वाढतो. त्याआधी पाकिटावरचं अक्षर बघा: 'एम' म्हणजे सतरा वर्षं आणि त्यावरच्यांसाठी. शाळेने दिलेल्या क्रोमबुकवर यातलं बहुतेक काही चालत नाही, त्यामुळे "आहे की एक कॉम्प्युटर" हा युक्तिवाद टिकायचा नाही. आणि स्वस्तात जुना पीसी घेणार असाल तर तो विंडोज ११ चालवतो ना, हे आधी पाहा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० व सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू असाव्या लागतात.

"जोडला की स्वस्त पडतो"

हे वाक्य तुम्हाला प्रत्येक जण ऐकवेल. बरीच वर्षं ते खरंही होतं. २०२५ च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप ओढून नेल्या आणि रॅमचे भाव भडकले. त्या डिसेंबरमध्ये मायक्रॉनने तर घरगुती ग्राहकांसाठीचा आपला 'क्रुशियल' ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. मोठ्या उत्पादकांनी रॅम आधीच्या भावात उचलून ठेवली असेल तर तयार पीसी सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा स्वस्त पडतो. म्हणून ऐकीव गणितावर जाऊ नका. खरेदीच्या आठवड्यात दोन्ही बाजूंची बेरीज कागदावर मांडा. सुट्या भागांच्या बाजूला विंडोज ११ होमचे १३९ डॉलर धरायला विसरू नका. तयार पीसीत ते बहुधा आलेलं असतं. दोन्हीकडे सेल्स टॅक्स वरून. आपल्याकडच्या एमआरपीसारखी करासकट किंमत इथे लिहिलेली नसते. न्यू जर्सीत हा कर ६.६२५ टक्के, डॅलस भागात सव्वाआठ. ऑरेगन, डेलावेअर आणि न्यू हॅम्पशायरमध्ये राज्याचा सेल्स टॅक्सच नाही.

दुकानात जाऊन घेता येत असेल तर मायक्रो सेंटर बघा. न्यू जर्सीत पॅटरसनला, डॅलसकरांसाठी रिचर्डसनला, अटलांटाच्या बाजूला डुलूथ आणि मॅरिएटाला आणि २०२५ पासून पुन्हा सँटा क्लारालाही आहे. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम एकत्र घेतली तर तिथे बरीच सूट मिळते, पण ती घरपोच मिळत नाही, दुकानातूनच न्यावी लागते. डॅलसच्या काकांचा हट्ट स्वस्त पडतो तो या एका दुकानामुळे. ज्यांच्या आसपास ते नाही त्यांनी काकांचं गणित आपल्याला लावू नये.

ती अट

तयार पीसी घ्या, पण आतले भाग प्रमाणित मापाचे असू द्या. सगळ्या घरांकडून मिळालेल्या सल्ल्यांत आम्हाला सर्वात मोलाचा हाच वाटला.

काही मोठ्या ब्रँडांच्या डब्यात मदरबोर्ड त्यांच्याच आकाराचा असतो, पॉवर सप्लायचा कनेक्टर त्यांचाच असतो, डब्यातली भोकंही त्यांच्याच मापाची. आज तो पीसी छान चालतो. तीन वर्षांनी मोठं ग्राफिक्स कार्ड टाकायचं ठरतं तेव्हा पॉवर सप्लाय अपुरा पडतो, नवा बसत नाही, मदरबोर्ड बदलावा तर डबाही बदलावा लागतो, आणि मग चालू यंत्र मातीमोल भावाने विकावं लागतं. याउलट एटीएक्स किंवा मायक्रो-एटीएक्स मदरबोर्ड आणि साधा एटीएक्स पॉवर सप्लाय असलेला तयार पीसी पुढे एकेक भाग बदलत नेता येतो. आज विकत घेतलेला, दोन वर्षांनी रॅम वाढवलेला, चौथ्या वर्षी कार्ड बदललेला पीसी 'विकतचा' की 'जोडलेला' हे कोणी विचारतही नाही. मुलगा तोवर एवढा मोठा झालेला असतो की डबा तोच उघडतो.

म्हणून विक्रेत्याला हे प्रश्न विचाराच: मदरबोर्ड कुठल्या कंपनीचा, कुठलं मॉडेल? पॉवर सप्लाय किती वॅटचा आणि कोणत्या कंपनीचा? रॅमची एकच कांडी आहे की दोन? "३२ जीबी रॅम" एवढ्यावर समाधान मानू नका. एकाच कांडीने प्रोसेसरचा अर्धाच रस्ता वापरला जातो आणि खेळात ते जाणवतं. नुसतं "७५० वॅट पॉवर सप्लाय" असं उत्तर आलं आणि कंपनीचं नाव आलं नाही, तर समजून जा की काटछाट कुठे केली आहे. प्रोसेसरसाठी एएमडीचा एएम५ सॉकेट असेल तर पुढचा रस्ता लांब आहे. त्याआधीच्या एएम४ वर लोकांनी २०१७ च्या मदरबोर्डांत २०२२ चा ५८००एक्स३डी प्रोसेसर बसवला, फक्त बायोस अद्ययावत करून.

डबा उघडला की वॉरंटी गेली, अशी भीती आपल्याकडून आलेल्यांना हमखास असते. स्क्रूवर तसा स्टिकरही असतो. इथे १९७५ पासून मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा आहे. तुम्ही रॅम वाढवलीत म्हणून कंपनीला बाकीच्या भागांची वॉरंटी नाकारता येत नाही, आणि असे स्टिकर लावणाऱ्या कंपन्यांना फेडरल ट्रेड कमिशनने २०१८ मध्ये ताकीदही दिली होती. रॅम बसवताना तुम्हीच सॉकेट मोडलात, तर ते तुमच्या खिशातून.

तरीही जोडायचाच असेल

हौस असेल तर जरूर जोडा. बाप-लेकीने किंवा माय-लेकाने मिळून घालवलेल्या शनिवारला पैशांचं गणित लावण्यात अर्थ नाही. व्हिडिओत सगळं दाखवतात. जे दाखवत नाहीत किंवा घाईने उरकतात तेवढंच इथे.

हिवाळ्यात हीटरमुळे घरातली हवा इतकी कोरडी होते की दाराच्या मुठीला हात लावला तरी ठिणगी बसते. कोकणातून किंवा मुंबईतून आलेल्यांना हे नवं असतं. तीच ठिणगी मदरबोर्डला महागात पडू शकते. कार्पेटवर बसून जोडू नका, डायनिंग टेबल रिकामं करा, लोकरीचा स्वेटर काढून ठेवा आणि प्रत्येक भाग हातात घेण्याआधी डब्याच्या उघड्या धातूला हात लावा.

कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म सोलून काढा. ती तशीच राहिल्यामुळे तापलेले प्रोसेसर जवळपास प्रत्येक गावात सापडतील. एएम५ च्या पिना प्रोसेसरवर नसून मदरबोर्डवर असतात, तेव्हा सॉकेटवर काही पडू देऊ नका. पॉवर सप्लायच्या सुट्या वायरी दुसऱ्या कंपनीच्या सप्लायला कधीही लावू नका: टोक बसतं, पण आतली जोडणी वेगळी असते आणि हार्डडिस्क जळते. ग्राफिक्स कार्डाचा सोळा पिनांचा नवा कनेक्टर पूर्ण आत गेला पाहिजे. २०२२ पासून तो वितळल्याच्या तक्रारी आल्या आहेत, आणि अर्धवट बसवणं हे त्यातलं एक कारण होतं.

मग बटण दाबाल आणि स्क्रीन काळीच राहील. घाबरू नका. डीडीआर५ रॅम पहिल्यांदा लावली की मदरबोर्ड तिची तपासणी करतो, त्याला काही मिनिटं लागतात. अटलांटाच्या एका घरात याच वेळी सगळं पुन्हा सुटं करण्यात आलं होतं. चहा टाका, तोवर थांबा.

पैसे आणि परतावा

क्रेडिट हिस्टरी नसताना दुकानाचं कार्ड काढून हप्त्यावर घ्यायचा मोह होतो. "अठरा महिने बिनव्याजी" अशा योजनांत बऱ्याचदा व्याज माफ झालेलं नसतं, पुढे ढकललेलं असतं: मुदतीत शेवटचे पन्नास डॉलर जरी राहिले तरी पहिल्या दिवसापासूनचं व्याज अंगावर येतं. भाड्याने घेऊन पुढे मालकीचा करण्याच्या योजनेकडे तर वळूनही पाहू नका. दोन महिने थांबून रोख घेतलेला पीसी बरा. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, म्हणजे थँक्सगिव्हिंग, फार लांब नसेल तर त्याची वाट पाहा.

परताव्याची मुदत आधी वाचा. कॉस्टको संगणक नव्वद दिवसांत परत घेतं. बेस्ट बायची साधी मुदत पंधरा दिवसांची. नवख्या घराने तयार पीसी घेताना थोडे जास्त पैसे मोजून लांब मुदतीचं दुकान निवडावं, असं आम्हाला वाटतं.

जुना घेणार असाल तर आधी मंडळाच्या ग्रुपवर विचारा. भारतात परत निघालेली घरं मॉनिटर, टेबल, खुर्चीसकट सगळं काढतात. अनोळखी माणसाकडून घेताना यंत्र त्याच्या घरी चालू अवस्थेत, खेळ लावून पाहा. झेल (Zelle) ॲपने आगाऊ पैसे पाठवू नका. गेलेले पैसे परत येत नाहीत.

पीसी आला की पहिल्याच आठवड्यात, मुदत हातात असताना, हे करून घ्या. मॉनिटरची वायर मदरबोर्डच्या भोकात नाही, खालच्या ग्राफिक्स कार्डाच्या भोकात लावा. ही चूक इतकी सर्रास होते की "पीसी स्लो आहे" म्हटल्यावर काका सर्वात आधी हेच विचारतात. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजने ६० वर ठेवलेला असेल तर सेटिंगमध्ये जाऊन बदला. बायोसमध्ये रॅमची एक्सपो किंवा एक्सएमपी सेटिंग चालू करा, नाहीतर महाग रॅम स्वस्त रॅमच्या वेगाने पळते. दोन तास जड खेळ चालवून तापमान बघा. त्याच सर्किटवर १५०० वॅटचा स्पेस हीटर लावू नका: १५ अँपिअर आणि १२० व्होल्ट म्हणजे जेमतेम १८०० वॅट, ब्रेकर पडतोच. सिरियल नंबर आणि पावतीचा फोटो काढून रेंटर्स इन्शुरन्सच्या कागदांत ठेवा. खोकं आणि आतला फोम टाकू नका, घर बदलताना लागेल. आणि त्या वेळी जड ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं बांधा, ट्रकच्या धक्क्यांनी स्लॉट मोडू शकतो.